सहीला जागणारे

हवाई दलाचे कोणतेही विमान धावपट्टीकडे वळण्यापूर्वी त्याच्या कागदावर सह्या झालेल्या असतात. ‘फॉर्म ७००’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या गेलेल्या नोंदवहीत एअरफ्रेम, इंजिन, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, शस्त्रे अशा प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापल्या कामाखाली सही करतो आणि ते सगळे वाचून वैमानिक विमान ताब्यात घेतो. त्या क्षणी वैमानिकाजवळ दुसरा कोणताही पुरावा नसतो. पंखाच्या आतला जोड त्याने पाहिलेला नसतो, इंधनाच्या नळीला हात लावलेला नसतो. ज्यांची नावेही त्याला कदाचित नीट ठाऊक नाहीत अशा चार-सहा माणसांच्या लेखी शब्दावर तो आपला जीव ठेवतो. या पुस्तकाचा विषय आहे ती माणसे आणि त्यांचे काम. या कामाकडे आपण हाताचे कसब म्हणून पाहतो आणि ते कसब आहेच. पण माझ्या मते या पेशाचा खरा गाभा त्या सहीत आहे. विमानाला काय झाले, आपण काय केले आणि काय करता आले नाही हे जसेच्या तसे सांगणारा साक्षीदार म्हणजे विमान तंत्रज्ञ. देखभालीच्या शास्त्राची गेल्या नव्वद वर्षांतली वाटचाल आणि तिच्यातले सगळे मोठे वाद तपासले तर ते शेवटी या साक्षीपाशी येऊन थांबतात, असे मला दाखवायचे आहे.

नवख्या वाचकासाठी आधी या क्षेत्राचा आवाका. स्क्वाड्रनच्या तळावर रोजचे काम चालते. उड्डाणापूर्वीची तपासणी, दोन सॉर्टींच्या मधली टर्न-राउंड, दिवसाच्या शेवटची तपासणी आणि वैमानिकाने परत येऊन सांगितलेल्या ‘स्नॅग’ची दुरुस्ती. त्याच्या वरच्या पायरीवर ठराविक तासांनी विमान हँगरात घेऊन केली जाणारी सर्व्हिसिंग. आणि सगळ्यात खोलवरचे काम बेस रिपेअर डेपोत, जिथे विमान पार सांगाड्यापर्यंत उघडले जाते. या व्यवस्थेचा मोठा भाग महाराष्ट्रात आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते. मेंटेनन्स कमांडची स्थापना १९५५ साली कानपूरला झाली. आज तिचे मुख्यालय नागपुरात आहे. ओझरचा ११ बेस रिपेअर डेपो मिग-२९ आणि सुखोई-३० यांची ओव्हरहॉल करतो, पुण्यात ९ बेस रिपेअर डेपो आहे, आणि ओझरलाच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा १९६४ साली मिग-२१ साठी उभारलेला कारखाना आहे. भरती झालेल्या तरुणाचे पहिले पाऊल पडते बेळगावजवळच्या सांबऱ्याला. पुढचे तांत्रिक शिक्षण ट्रेडप्रमाणे जालहळ्ळी किंवा तांबरमला.

काम कसले, हे एका लहानशा गोष्टीवरून कळेल. टॉर्क रेंचने बोल्टला ठरलेला पीळ दिला की काम संपत नाही. उड्डाणातल्या कंपनांनी तो सैल पडू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या बारीक भोकातून लॉकिंग वायर ओवतात, तिचे दोन पदर एकमेकांत सारख्या पिळाने वळतात आणि शेजारच्या बोल्टापर्यंत नेतात. तार अशा बाजूने न्यायची, की बोल्ट सुटू लागला तर ती ताणली जावी आणि तिने त्याला घट्ट होण्याच्या दिशेनेच खेचावे. उलट्या बाजूने घातलेली तार दिसायला तितकीच नेटकी असते, पण तिचा उपयोग शून्य. शेवटचे टोक आत वळवायचे, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. कापलेला तुकडा मुठीत धरायचा, कारण खाली पडलेला तुकडा इंजिनाने ओढून घेतला तर कॉम्प्रेसरच्या पात्यांची वाट लागते. काम संपल्यावर हत्यारे मोजायची. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते; एक जागा रिकामी दिसली तर तो पाना सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही. उड्डाणाच्या नियंत्रणाशी संबंधित काम असेल तर दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे तपासायचे. हे सगळे जैसलमेरच्या उन्हात, जिथे विमानाच्या पत्र्याला उघडा हात लावता येत नाही, किंवा लेहच्या पहाटे, जिथे हातमोजे काढले की बोटे बधिर होतात. आणि यातला बराचसा भाग झाकण बंद झाल्यावर पुन्हा कोणालाही दिसत नाही. दिसते ती फक्त नोंद.

भारतात या पेशाची सुरुवात १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर झाली. चार वापिती विमाने, मूठभर वैमानिक अधिकारी आणि १९ हवाई शिपाई. ब्रिटिशांच्या मनात भारतीय माणूस यंत्राशी इमान राखेल का, अशी शंका होती आणि तिचे उत्तर द्यायचे काम वैमानिकांइतकेच या शिपायांवर येऊन पडले. त्यांच्यातले हरजिंदर सिंग लाहोरला अभियांत्रिकी शिकलेले होते, तरी शिपाई म्हणून भरती झाले आणि एअर व्हाइस मार्शल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. मेंटेनन्स कमांडचे नेतृत्वही त्यांनी केले. स्वातंत्र्यानंतरची दुसरी घटना मला त्याहून बोलकी वाटते. महायुद्ध संपल्यावर कानपूरला बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमाने टाकून दिलेली होती. ती पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम त्यांची मोडतोड केलेली होती. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतली विमाने जागेवरच जेमतेम उडण्याजोगी केली, जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती एकेक करून बंगलोरला नेली आणि तिथे ती पूर्ण दुरुस्त झाली. त्याच वर्षी ५ क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली आणि ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत राहिली. त्यांतले एक आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. या कथेकडे जिद्दीची कथा म्हणून पाहतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: विमानाचा पूर्वेतिहास हाती नसताना, प्रत्येक भाग उघडून, कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हा निर्णय घेणारी आणि त्या निर्णयाला नाव देणारी माणसे तिथे होती.

देखभालीच्या विचाराचे जे मुख्य संप्रदाय आहेत त्यांतला सर्वांत जुना सांगतो की, वस्तू झिजते, म्हणून ठराविक तासांनी ती उघडावी, तपासावी, बदलावी. वरकरणी यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा उलटेच चित्र निघाले. दर ५० तासांच्या सर्व्हिसिंगनंतर लगेच बिघाडांची संख्या वाढत होती आणि पुढे हळूहळू कमी होत होती. चांगल्या चाललेल्या यंत्राला हात घालण्यातूनच काही दोष जन्माला येत होते. सर्व्हिसिंगमधले अंतर वाढवल्यावर उड्डाणाचे तासही वाढले. १९७८ मध्ये नोलन आणि हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोन अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालाने हा विचार पुढे नेला. त्यांनी पाहिलेल्या भागांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास भागांमध्ये वयाबरोबर बिघाड वाढतो असे दिसले. उरलेल्यांना नुसत्या वयावर बदलण्याचा फायदा नव्हता. त्यातून स्थिती पाहून देखभाल करण्याचा संप्रदाय उभा राहिला. सोव्हिएत परंपरा मात्र तासांच्या आणि वर्षांच्या ठाम मर्यादेवरच राहिली: मुदत संपली की ओव्हरहॉल. आपल्या हवाई दलाची दशकानुदशके याच परंपरेत गेली, आणि मिराज, जग्वार यांच्याबरोबर पाश्चात्त्य पद्धतही शेजारी नांदू लागली. धातूच्या थकव्याचा अभ्यास हा तिसरा प्रवाह. १९५४ च्या कॉमेट विमानांच्या अपघातांनी तो जगासमोर आणला आणि १९६९ मध्ये अमेरिकेचे एफ-१११ पंखातल्या दोषामुळे कोसळल्यावर, धातूत तडा असणारच असे धरून तो धोक्याच्या आकाराचा होण्याआधी शोधण्याचा विचार रुजला. या तिन्ही प्रवाहांत कितीही मतभेद असले तरी वॉडिंग्टनचे आलेख आणि नोलन-हीपचे तक्ते कशावर बेतलेले होते? हँगरातल्या तंत्रज्ञांनी त्या त्या दिवशी लिहिलेल्या नोंदींवर. त्या नोंदी खोट्या, सुधारून लिहिलेल्या किंवा अर्धवट असत्या तर यातले काहीच कळले नसते.

चौथा प्रवाह माणसाचा अभ्यास करतो, आणि या विषयात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३० मे १९९५ रोजी जर्मनीतल्या स्पांगडाहलेम तळावर अमेरिकेचे एफ-१५ उड्डाण घेताच कोसळले आणि वैमानिक गेला. देखभालीच्या वेळी नियंत्रणाच्या दोन दांड्यांची अदलाबदल झाली होती. दोन तंत्रज्ञांवर लष्करी खटला भरण्यात आला. त्यांतल्या एकाने खटला उभा राहण्यापूर्वी आत्महत्या केली. पण तशीच अदलाबदल पूर्वीही झालेली होती. दांड्या चुकीच्या बसू शकत होत्या, कारण रचनेतच ती शक्यता राहिलेली होती. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० नंतर ठामपणे मांडलेला विचार असा, की शेवटच्या माणसाची चूक ही साखळीतली शेवटची कडी असते. रचना, वेळापत्रक, अपुरी माणसे, रात्रपाळी यांच्यात तिची आधीची कारणे दडलेली असतात. कॅनडात १९९३ मध्ये गॉर्डन ड्यूपाँट यांनी देखभालीतल्या चुकांमागची बारा कारणे मांडली. थकवा, दडपण, गृहीत धरणे, संवादाचा अभाव ही त्यांतली काही. यावर लष्करातून येणारा आक्षेप मला पटण्याजोगा वाटतो: असे म्हणत गेलो तर जबाबदार कोणीच उरणार नाही. बेपर्वाई आणि चूक यांत फरक करावाच लागेल, आणि बेपर्वाईला शिक्षाही हवी. पण ज्या तळावर प्रत्येक चुकीला शिक्षा आहे तिथे चुका होणे थांबत नाही, त्या लिहिल्या जाणे थांबते. पाना विसरलो हे रात्री दोन वाजता फोन करून सांगणारा तंत्रज्ञ हवा असेल, तर त्याने सांगितल्यावर त्याचे काय होते याकडे बाकीचे सगळे पाहत असतात, याचे भान वरच्यांना हवे.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे. तंत्रज्ञाने विचार कशाला करायचा, मॅन्युअल आहे ना, ते पाळावे. शिस्त हा या पेशाचा कणा आहे, यात वाद नाही. स्वतःच्या डोक्याने क्रम बदलणारा माणूस धोकादायकच. पण मॅन्युअल आकाशातून पडत नाही, ते अनुभवातून लिहिले आणि सुधारले जाते. २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावर अमेरिकेचे बी-२ बॉम्बर उड्डाण घेताच कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले, पण सव्वाशे कोटी डॉलरहून महाग विमान जळून गेले. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सरांपैकी तीन सेन्सरांत पाणी शिरलेले असताना त्यांचे कॅलिब्रेशन केले गेले होते. नंतर हीटर लावल्यावर पाणी सुकले आणि संगणकाला चुकीचा वेग आणि कोन मिळाला. कॅलिब्रेशनपूर्वी हीटर लावून ओल काढावी, ही युक्ती काही तंत्रज्ञांना दोन वर्षे आधीपासून माहीत होती. पण ती मॅन्युअलमध्ये गेली नव्हती. तोंडी राहिली होती आणि त्या दिवशी काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. आज्ञापालन तिथे पूर्ण होते. उणीव होती ती खालून वर जाणाऱ्या माहितीची. तंत्रज्ञाला ज्ञान निर्माण करणारा मानले नाही तर त्याला कळलेले त्याच्याबरोबरच बदलीवर जाते आणि त्याच्याबरोबरच निवृत्त होते.

तरीही कागदाचे माहात्म्य सांगताना कागदाचा धोका लपवणे बरोबर होणार नाही. २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रिटनचे निमरॉड एक्सव्ही२३० हे विमान अफगाणिस्तानात हवेतल्या हवेत इंधन भरल्यानंतर आग लागून पडले आणि त्यातले १४ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाच्या सुरक्षिततेचा जाडजूड अहवाल आधीच तयार झालेला होता. चार्ल्स हॅडन-केव्ह यांच्या २००९ च्या चौकशीने दाखवून दिले, की इतकी वर्षे उडते आहे म्हणजे ते सुरक्षितच, हे गृहीत धरून तो रकाने भरल्यासारखा उरकला होता. म्हणजे कागद भरलेला होता, पण साक्ष कोणी दिलेली नव्हती. जास्त फॉर्म म्हणजे जास्त सचोटी असे समीकरण मांडणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा. सही करणाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार नसेल, किंवा नाही म्हटल्याची किंमत त्यालाच मोजावी लागत असेल, तर त्याच्या सहीत अर्थ उरत नाही.

आपल्याकडे याच ठिकाणी जुगाडाचा मुद्दा निघतो. भारतीय तंत्रज्ञ कमी साधनांत विमाने उडती ठेवतो, हीच त्याची ताकद, असे अभिमानाने म्हटले जाते आणि त्यासाठी कारगिलचा दाखला दिला जातो. १९९९ मध्ये मिराज-२००० वर लक्ष्य टिपणारा लायटनिंग पॉड आणि लेझरने नेमके जाणारे बॉम्ब फार थोड्या अवधीत बसवले गेले आणि टायगर हिलवरच्या हल्ल्यात ते वापरले गेले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ते काम जुगाड नव्हते. जोडणी, चाचणी, उड्डाण, पुन्हा चाचणी, हा सगळा क्रम घाईतही पाळला गेला होता. कल्पकता आणि नोंद यांचे वैर नाही. वैर आहे ते न लिहिलेल्या तडजोडीचे. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावण्याची वेळ सुट्या भागांच्या टंचाईत येतेच. पण त्यात दोन विमाने उघडली जातात, काम दुप्पट होते आणि वॉडिंग्टनने दाखवलेला हात घालण्याचा धोकाही दुप्पट होतो. ही टंचाई पुढे धोरण ठरवणाऱ्यांना कळते तीही तंत्रज्ञाच्या नोंदीतूनच. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात सुखोई-३० ची उपलब्धता ७५ टक्के अपेक्षित असताना प्रत्यक्षात ५५ ते ६० टक्के असल्याचे नोंदले गेले, ते खालच्या आकड्यांवरूनच. तळावर ‘सर्व्हिसेबल’चा आकडा फुगवून सांगितला गेला असता तर त्या प्रश्नाकडे कोणाचे लक्षच गेले नसते.

सेन्सर आणि संगणक आल्यावर माणसाची साक्ष लागेल कशाला, हाही प्रश्न आता विचारला जातो. नवी विमाने आपली प्रकृती स्वतः नोंदवतात, हवाई दलाची देखभालही ई-एमएमएस या संगणकीय व्यवस्थेवर गेली आहे, आणि हे व्हायलाच हवे होते. पण बी-२ च्या अपघातात चुकीचे सांगितले होते सेन्सरनेच. नळीवरचा पुसटसा डाग तेलाचा की हायड्रॉलिकचा, आवाजात काल नव्हता असा बदल आज कुठून आला, रिव्हेटच्या भोवतीची काळसर रेघ म्हणजे तो हलतो आहे का, हे अजूनही डोळ्याला, कानाला आणि बोटालाच आधी कळते. संगणकाने त्या माणसाला अधिक माहिती दिली आहे. सही अजून त्याचीच आहे.

हा विषय आज तातडीचा का, याची कारणे आपल्या हवाई दलाच्या सध्याच्या स्थितीत आहेत. १९६३ मध्ये दाखल झालेले मिग-२१ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले आणि लढाऊ स्क्वाड्रनची संख्या मंजूर ४२ वरून २९ पर्यंत खाली आली. जग्वार, मिराज, एएन-३२ ही चाळीस वर्षांच्या घरातली विमाने आणखी काही काळ चालवावी लागणार आहेत. शेजारी राफेल, तेजस, सी-१७, अपाची आहेत. इतक्या देशांच्या आणि इतक्या वयांच्या विमानांचा संसार सांभाळणारी हवाई दले जगात थोडीच आहेत. दुसरीकडे २०२२ च्या अग्निपथ योजनेने भरतीची रीत बदलली. पूर्वी एअरमनचा करार २० वर्षांचा असे. आता अग्निवीरवायू चार वर्षांसाठी येतो आणि जास्तीत जास्त २५ टक्के पुढे राहतात. या योजनेच्या बाजूने तरुण दल, कमी निवृत्तिवेतन, बाहेर जाणारे प्रशिक्षित मनुष्यबळ असे मुद्दे मांडले जातात आणि ते वजनदार आहेत. पण विमान तंत्रज्ञाची नजर तयार व्हायला लागणारा काळ कोणत्याही आदेशाने कमी होत नाही. प्रशिक्षणाचा काळ वजा जाता हाताशी उरणाऱ्या वर्षांत तो तरुण मॅन्युअल शिकेल. त्याच्या समासातले शिकायला त्याला अनुभवी सार्जंट आणि वॉरंट ऑफिसर यांच्या शेजारी बराच काळ उभे राहावे लागते. तांत्रिक ट्रेडमध्ये पुढे ठेवल्या जाणाऱ्यांचे प्रमाण वाढवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते होवो न होवो, जुन्यांकडचे ज्ञान लिहून ठेवण्याचे काम आता पुढे ढकलता येणार नाही. बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी नागपूरच्या मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे, आणि तिथेही नागरी परवान्याबरोबर खरी नोंद करण्याची हीच सवय लागते.

मराठीत हवाई दलावर जे लिहिले गेले त्यात वैमानिक आणि युद्धे यांनाच जागा मिळाली. ज्यांच्या घरातला मुलगा सांबऱ्याला गेला आणि पंधरा-वीस वर्षे हँगरात राबला अशी कुटुंबे सांगली, सातारा, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यांत गावोगावी आहेत, पण तो तिथे नेमके काय करतो हे घरच्यांनाही धड माहीत नसते. हे पुस्तक ती पोकळी भरू पाहते. ते पाठ्यपुस्तक नाही; ते वाचून कोणाला इंजिन उघडता येणार नाही. यात ट्रेडनिहाय कामाची ओळख आहे, देखभालीच्या विचारांचा इतिहास आहे, अपघातांच्या चौकशांचा अभ्यास आहे आणि हँगरातल्या पाळीचे, बदल्यांचे, कुटुंबाच्या ओढाताणीचे वास्तवही आहे. सगळ्या लेखकांचे एकमत नाही. जबाबदारी आणि शिक्षा यांविषयी तर काहींचे मत माझ्याहून बरेच कडक आहे आणि ते तसेच ठेवले आहे. गुप्ततेच्या मर्यादेमुळे आजच्या विमानांच्या क्षमतेविषयी, शस्त्रांविषयी आणि तळांच्या कारभाराविषयी यात काही नाही. हेलिकॉप्टरांचा भाग त्रोटक आहे, चालकरहित विमानांचा जवळजवळ नाहीच. सियाचेनवर चीता आणि एमआय-१७ उडती ठेवणाऱ्यांचा अनुभव स्वतंत्र पुस्तकाच्या लायकीचा आहे आणि ते लिहू शकणारी माणसे आज निवृत्त होऊन आपल्याच गावांत राहत आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांबऱ्याहून महिला अग्निवीरवायूंनी प्रशिक्षण पूर्ण केले. त्यांचे अनुभव या संग्रहात येऊ शकले नाहीत, कारण त्यांची नोंदवही नुकतीच उघडली आहे. पुढच्या आवृत्तीत पहिली जागा त्यांना द्यावी, असे मी संपादकांना सुचवले आहे.